रीस आणि हाइन: फोटोओळ वाचल्याशिवाय फरक कळत नाही

१२ जूनला, बालमजुरीविरोधी दिनी, लुईस हाइन या अमेरिकी छायाचित्रकाराने काढलेले गिरणीतल्या पोरांचे फोटो सगळीकडे फिरतात. फिरायलाच हवेत. पण त्यांच्यात हमखास एक वेगळा फोटो घुसडलेला असतो: कोंदट खोली, फळ्यांवर आणि जमिनीवर दाटीवाटीने झोपलेली माणसं, भिंतीला टांगलेले कपडे. त्याखालीही नाव हाइनचंच. हा फोटो जेकब रीसचा आहे, न्यूयॉर्कच्या बेयर्ड स्ट्रीटवरचा, १८८९ सालचा. संग्रहालयंही या दोघांना ‘सामाजिक छायाचित्रण’ अशा एकाच पाटीखाली टांगतात, मग बघणाऱ्यांचा घोळ होणारच.

हाइन तुम्हाला ठाऊक आहे. पेशाने शिक्षक, १९०८ पासून नॅशनल चाइल्ड लेबर कमिटी या बालमजुरीविरोधी संस्थेसाठी गिरण्या, खाणी, डबाबंद अन्नाचे कारखाने पालथे घातले, त्या कामाचे पाच हजारांहून जास्त फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. रीस त्याच्या आधीच्या पिढीतला. जन्म १८४९, डेन्मार्क. १८७० मध्ये अमेरिकेत आला, सुरुवातीला पोलिसांच्या बेघर-कोठडीतही रात्र काढली, पुढे पोलीस-बातमीदार झाला आणि १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांवरच्या पुस्तकाने गाजला. साल, कॅमेरा, शहर यांतले फरक कुठेही वाचायला मिळतील.

घोळ दोन चुकीच्या कसोट्यांमुळे होतो. पहिली: फ्लॅश दिसला की रीस, उजेड दिसला की हाइन. साफ चूक. जर्मनीत निघालेल्या फ्लॅशच्या पुडीची बातमी रीसने १८८७ मध्ये वाचली आणि अंधाऱ्या खोल्या त्याच्यासाठी उघडल्या हे खरं. पण हाइननेही न्यूयॉर्कला बोटीने येणारे स्थलांतरित जिथे उतरत त्या एलिस बेटावर आणि कारखान्यांत तीच पूड जाळली आहे. दुसरी कसोटी: रीसने माणसं बेसावध टिपली, हाइनने उभी करून. हीही टिकत नाही. मलबेरी स्ट्रीटवर एकमेकांना खेटून झोपलेली रीसची उघडी-वाघडी पोरं दिवसाउजेडी त्याच्यासाठी झोपेचं सोंग करून पडली होती.

खरा फरक शब्दांत आहे, आणि हे शब्द कुठे राहिले त्यात.

रीसचे फोटो भिंतीवर टांगायला काढलेलेच नव्हते. चर्चमध्ये, सभागृहांत मॅजिक लँटर्नने ते पडद्यावर दाखवायचे आणि शेजारी उभं राहून आपण बोलायचं, ही त्याची रीत. माणसांबद्दल जे सांगायचं ते तो तोंडाने सांगे. फोटोला नाव असे ते जागेचं, धंद्याचं किंवा भाड्याचं: बेयर्ड स्ट्रीटच्या त्या फोटोवर ‘एका जागेला पाच सेंट’. झोपलेल्यांपैकी एकाचंही नाव नाही. त्याच्या दृष्टीने पुरावा ही खोली होती. माणसं खोलीचा भाग. आंधळ्या भिकाऱ्यांचा फोटो काढताना त्याच्या फ्लॅशने भिंतीवरच्या कागद-चिंध्यांनी पेट घेतला, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. माळ्यावर पाच आंधळी माणसं आणि तो, खाली उतरायला मोडकळीला आलेला जिना. आग त्याने एकट्याने विझवली. पण ही पाच जणं कोण, हे त्या मजकुरात नाही. पुस्तकात इटालियन, चिनी, ज्यू यांच्याबद्दल जे सरसकट शेरे आहेत तेही आज वाचवत नाहीत.

आता हाइन. व्हरमाँटमधल्या नॉर्थ पाउनलची सूतगिरणी, १९१०. यंत्राला एक कोपर टेकवून उभी असलेली अनवाणी, मळक्या झग्यातली मुलगी. हा फोटो तुम्ही नक्की पाहिलाय. फोटोओळ सांगते: नाव ॲडी कार्ड. गिरणीतल्या मुली म्हणतात ही दहा वर्षांची. ती स्वतः मला बारा म्हणाली. शाळेच्या सुट्टीत कामाला लागली आणि आता इथेच राहणार. कोण काय म्हणालं हे त्याने वेगवेगळं नोंदवलं, कारण मालक ‘खोटं आहे’ म्हणणार हे त्याला माहीत होतं. आत शिरायला तो कधी बायबल-विक्रेता बने, कधी पोस्टकार्डवाला. खिशातल्या वहीवर न बघता लिही. आपल्या कोटाचं कुठलं बटण जमिनीपासून किती उंचीवर आहे हे त्याला पाठ होतं, त्यावरून पोरांची उंची ताडे. साउथ कॅरोलायनातली सेडी फायफर ४८ इंच उंच होती हे आज आपल्याला कळतं ते असं. फोटो हा त्या नोंदीचा अर्धा भाग आहे. फोटोओळ कापून ‘बालकामगार, अमेरिका’ एवढंच छापणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. नाव मिळवायला त्या माणसाने जी जोखीम घेतली ती त्यांनी एका फटक्यात पुसलेली असते.

संग्रहालयात गेल्यावर हा फरक झाकला जातो. रीस १९१४ मध्ये वारला, त्याच्या काचेच्या निगेटिव्ह विस्मरणात गेल्या. अलेक्झांडर अलँड या छायाचित्रकाराने त्यांचा पाठपुरावा केला, मोठे, देखणे प्रिंट काढले, आणि १९४७ मध्ये म्युझियम ऑफ द सिटी ऑफ न्यूयॉर्कमध्ये ते लागले. म्हणजे दालनात आपण बघतो तो रीस बराचसा अलँडच्या डार्करूममधून आलेला आहे, आणि त्याच्याबरोबरचं भाषण गेलेलं आहे. हाइनचे शब्द नोंदीत टिकले, पण ते फोटोखाली बारीक अक्षरांत असतात आणि गर्दी पुढे सरकते. दोन्ही भिंतींवर उरतात फक्त उदास चेहरे.

रीसचं काम कमी होतं असं मी म्हणत नाही. १८९६ मध्ये थिओडोर रूझवेल्टने, तेव्हा तो न्यूयॉर्कचा पोलीस आयुक्त होता, पोलिसांच्या बेघर-कोठड्या बंद केल्या त्यामागे त्याचा रेटा होता, मलबेरी बेंडची, म्हणजे मलबेरी स्ट्रीटच्या वळणावरची, वस्ती पाडून १८९७ मध्ये तिथे बाग झाली त्यामागेही. इमारत पाडायची असेल तर खोली दाखवणं पुरतं. मुलाला यंत्रावरून उतरवायचं तर वय लागतं, तास लागतात, नाव लागतं. त्यावरही १९१६ चा बालमजुरीविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९१८ मध्ये रद्द केला. टिकणारा कायदा यायला १९३८ उजाडलं. तेव्हा ‘हाइनच्या फोटोंनी बालमजुरी थांबली’ असंही लिहू नका.

आणि एक. तुळईवर ओळीने बसून डबा खाणाऱ्या अकरा कामगारांचा तो प्रसिद्ध फोटो हाइनचा नाही. त्याने १९३०-३१ मध्ये टिपली ती एम्पायर स्टेट बिल्डिंग. तुळईचा फोटो १९३२ चा, रॉकफेलर सेंटरचा.