ही गल्ली कुठं निघते?

आमच्या घरापासून माझ्या मुलाच्या वर्गमित्राचं घर सरळ रेषेत ६० मीटरवर आहे. गच्चीवरून त्यांच्या अंगणातली तुळस दिसते. पण आमच्या दारातून निघून त्यांच्या दारात पोचायला ५८० मीटर चालावं लागतं. आमच्या गल्लीतून लेआऊटच्या मधल्या रस्त्याला लागायचं, तिथून खाली डांबरी रोडवर, रोडनं शेजारच्या लेआऊटच्या कमानीपर्यंत, आणि मग तितकंच पुन्हा आत. मधे आडवी आहे ती फक्त धुऱ्यावरची, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावरची, काटेरी तार.

ती तार एका जागी खाली वाकलेली आहे. दोन्ही बाजूंना कुणीतरी एकेक दगड आणून ठेवलाय. वरचे काटे पोरांनी पक्कडीनं दाबून सपाट केलेत, तरी शाळेच्या गणवेशाचा निळा चिंधोटा तिथे कायम अडकलेला दिसतो. सणावाराला पुरणपोळीचा डबा त्याच जागेवरून इकडून तिकडे जातो. पलीकडच्या आजींना एकदा म्हटलं, घरी या ना बसायला. त्या म्हणाल्या, "कशी येऊ ताई, पूर्ण फिरून या लागते. गुडघे साथ देत नाही."

काही वर्षांपूर्वी इथे दोन वावरं होती, कपाशीची आणि तुरीची. मधल्या धुऱ्यावर बोरी-बाभळी होत्या आणि त्यांच्या कडेनं पायवाट. माणसं धुऱ्यानंच ये-जा करायची. ज्या रेघेवरून माणसं चालत होती, तीच रेघ घरं झाल्यावर बंद झाली. विदर्भातल्या बहुतेक तालुक्याच्या गावांच्या कडेला आज हेच चित्र दिसेल. मला ते फार लागतं, म्हणून त्यामागचं गणित समजून घ्यायचा प्रयत्न केला.

गाव किती पसरलं हे आपण एकरांत मोजतो. कॅनडातले ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली आणि अमेरिकेतले ॲडम मिलार्ड-बॉल या दोन संशोधकांनी वेगळा प्रश्न विचारला: नवे रस्ते एकमेकांना किती मिळतात? घरं पाडून पुन्हा बांधता येतात, दुकानं बदलतात. रस्त्याची रेघ मात्र एकदा पडली आणि तिच्या दोन्ही बाजूंचे प्लॉट विकले गेले की पिढ्यानपिढ्या हलत नाही. १६६६च्या आगीत लंडनचा मोठा भाग जळून गेला, नवी आखणी करायचे आराखडेही तयार झाले, तरी शहर बहुतांशी जुन्याच गल्ल्यांवर उभं राहिलं.

मोजायची रीत आलेख सिद्धान्तातली (ग्राफ थिअरी), म्हणजे ठिपके आणि रेघांच्या जाळ्यांच्या गणितातली आहे. १७३६ साली गणितज्ञ ऑयलरनं क्योनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांचं कोडं (प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे फिरता येतील का?) सोडवलं, तेव्हा त्यानं शहराचं ठिपके आणि रेघा एवढंच ठेवलं होतं. इथेही तेच करायचं. रस्ते जिथे मिळतात किंवा संपतात तिथे ठिपका, दोन ठिपक्यांमधला रस्ता म्हणजे रेघ. मग प्रत्येक ठिपक्यातून किती रेघा निघतात ते मोजायचं. चौकातून चार, टी पॉइंटवर तीन, बंद गल्लीच्या टोकाला एक.

आमचा लेआऊट मी वहीच्या पानावर काढला. सहा एकरांचं वावर, मधून २०० मीटरचा एक रस्ता, त्याला दोन्हीकडे पाच-पाच गल्ल्या. माशाचा काटा असावा तसा. डांबरी रोडवरचं तोंड म्हणजे टी पॉइंट, त्याचे तीन. मधले चार चौक, त्यांचे सोळा. शेवटच्या गल्ल्या फुटतात तिथे पुन्हा तीन. दहा बंद टोकांचे दहा. एकूण ३२, ठिपके १६, सरासरी बरोबर २. सगळे चौकच असते तर ती ४ आली असती.

आता समजा धुऱ्यावरची तार निघाली आणि आमच्या पाच गल्ल्या पलीकडच्या पाच गल्ल्यांना जुळल्या. दोन्हीकडची पाच-पाच बंद टोकं नाहीशी होतात आणि सरासरी २.४५ वर जाते. नवीन जमीन घ्यायला नको, एकही घर पाडायला नको.

पण पाचही जुळल्या नाहीत, फक्त शेवटची, म्हणजे आमची, एकच जुळली तर? सरासरी जेमतेम २.०७ होते. म्हणजे काही फरक पडला नाही? खूप पडला. माझ्या मुलाची वाट ५८० मीटरवरून ६० वर आली, आणि हा आकडा त्या सरासरीत दिसतच नाही. म्हणूनच हे संशोधक एका मापावर थांबत नाहीत. बंद टोकं किती, सरळ अंतराच्या किती पट फिरावं लागतं, रस्त्याला वळणं किती, हे सगळं ते जोडीला मोजतात. चौकटी काढाव्यात तसे काटकोनी रस्ते असले तर फेरा सरळ अंतराच्या जास्तीत जास्त १.४१ पट पडतो, सरासरी १.२७ पट. आमचा जवळजवळ ९.७ पट आहे.

आणखी एक माप मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जी रेघ पुसली की नकाशाचे दोन तुकडे पडतात, तिला आलेख सिद्धान्तात 'पूल' म्हणतात. आमच्या लेआऊटमधल्या पंधराच्या पंधरा रेघा असे पूल आहेत. तोंडाशी मुरमाचा ट्रक फसला किंवा नालीसाठी रस्ता खोदला की आतली सगळी घरं अडकतात. शेवटची एक गल्ली पलीकडे जुळली की मधल्या रस्त्याच्या पाचही रेघा या यादीतून सुटतात, कारण निघायला दुसरी दिशा मिळते.

ही सगळी मापं एकत्र करून रस्त्यांच्या तुटकपणाचा एक निर्देशांक बनवला गेला. त्यासाठी ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून तयार केलेला, २००४ साली सुरू झालेला नकाशा वापरला. जगभरातले ४ कोटी ६० लाख किलोमीटर रस्ते तपासले गेले. वस्ती कधी वाढली हे उपग्रहाच्या माहितीवरून ठरवून २०२० साली त्यांनी निष्कर्ष मांडला: सर्वाधिक लोकसंख्येच्या १३४ देशांपैकी ९० टक्के देशांत १९७५ नंतरच्या नव्या वस्त्यांमधले रस्ते कमी जुळलेले आहेत. जिथे आधीचे रस्ते तुटक, तिथे नवेही तुटकच पडत गेले. अमेरिकेत मात्र हा तुटकपणा १९९४च्या सुमारास टोकाला पोचून पुढे कमी होऊ लागला, म्हणजे वळण बदलता येतं.

वाकडे रस्ते म्हणजे तुटक रस्ते, असा गैरसमज होऊ नये. आमच्या जुन्या गावठाणात एक गल्ली सरळ नाही. तरी मारुतीच्या पारापासून कुठल्याही बोळीत शिरा, कुठेतरी निघताच. म्हाताऱ्या बायका तिथे दुपारी एकमेकींकडे चालत जातात.

लेआऊटचं असं का होतं, तर वावर एकेका मालकाचं असतं. वाटण्या होऊन लांबट पट्टे पडलेले. प्रत्येक पट्टा वेगळ्या वेळी विकला जातो, वेगळ्या माणसाकडून आखला जातो, आणि आखणाऱ्याची नजर धुऱ्यापाशी थांबते. मग सातबाऱ्यावरची हद्द कायमची रस्त्यांच्या जाळ्यात उतरते. गंमत बघा, शेतीसाठी कायद्यानं हा विचार कधीच केलेला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १४३: शेतकऱ्याला आपल्या वावरात जायला वाट नसेल तर तहसीलदार दुसऱ्यांच्या धुऱ्यावरून वाट देऊ शकतो. बैलबंडीसाठी जे सुचलं ते शाळेत जाणाऱ्या पोरासाठीही सुचायला हवं.

बंद गल्ली लोकांना आवडते, हेही खरं. गाड्यांची वर्दळ नाही, पोरं खेळतात, अनोळखी माणूस फिरकत नाही. माझ्याही पोराचं क्रिकेट तिथेच चालतं. पण गाडी अडवायला माणसाला अडवण्याची गरज नाही. अमेरिकेत १९२९ साली वसवायला घेतलेल्या रॅडबर्नमध्ये गाड्यांसाठी बंद गल्ल्या होत्या आणि चालणाऱ्यांसाठी वेगळ्या पायवाटा. पुढे जगानं त्यातल्या बंद गल्ल्या तेवढ्या उचलल्या, पायवाटा सोडून दिल्या. आमच्या तारेत दोन मीटरची फट ठेवली तर चारचाकी येणार नाही, सायकल आणि आजी येतील. मे महिन्यात इकडे पारा ४५च्या वर जातो, तेव्हा ६० मीटर आणि ५८० मीटर यांतला फरक पायांनाच कळतो. मग घरोघरी स्कूटी निघते, पलीकडच्या गल्लीतल्या किराण्यासाठीसुद्धा.

गेल्या आठवड्यात आमच्या दुसऱ्या बाजूच्या वावरातलं सोयाबीन निघालं आणि लगेच चुन्याच्या रेघा पडल्या. मी जाऊन पाहून आले. त्यांची तिसरी गल्ली आमच्या तिसऱ्या गल्लीच्या अगदी समोर येते, मधे हातभर धुरा आणि एक जुनी बोर. आखणी करणाऱ्याला वहीतलं पान दाखवलं. त्यानं ते दोनदा उलटसुलट करून पाहिलं आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून घेतला. धुऱ्यालगतच्या प्लॉटची खुंटी अजून ठोकलेली नाही.