कंपाउंड की पॉलिश? स्वर्ल काढायला नक्की काय घ्यायचं, आणि पॅडचं काय

रात्री पेट्रोल पंपाच्या लाइटखाली काळी किंवा गडद निळी गाडी उभी केली की बॉनेटवर लाइटच्या भोवती बारीक गोल गोल रेघा दिसतात, त्यालाच स्वर्ल मार्क म्हणतात. गंमत म्हणजे हे ओरखडे गोल नसतातच, आडवे उभे तिरपे सगळीकडे पसरलेले असतात, फक्त उजेडाला आडवे आलेले तेवढे चमकतात म्हणून डोळ्याला गोल वाटतं. डोकं जरा बाजूला करून बघा, ते गोल पण तुमच्याबरोबर सरकतं. पांढऱ्या नि सिल्व्हर गाडीवर पण तेवढेच असतात हो, दिसत नाहीत इतकंच.

मग माणूस ऑनलाइन बघायला जातो आणि दोन बाटल्या समोर येतात, एकीवर कंपाउंड लिहिलेलं, दुसरीवर पॉलिश. दोन्हीत पांढरट क्रीम, दोन्हीच्या जाहिरातीत स्क्रॅच गायब, आणि किमतीत पण फार फरक नाही. मग बहुतेक जण काय करतात, तर "ओरखडे जास्त आहेत ना, मग स्ट्राँगवालं घेऊ" म्हणून कंपाउंड उचलतात, पॅड, म्हणजे पॉलिशिंग मशीनला खाली लावायची गोल गादी, मशीनबरोबर जो फुकट आलाय तोच लावतात, आणि नंतर गाडी उन्हात धुरकट दिसायला लागली की बाटलीला शिव्या घालतात. माझं म्हणणं असं की बाटली बदलायच्या आधी पॅड बदलून बघा, कारण निम्मं काम पॅड करतो. पण आधी बाटल्यांचं बघू.

दोन्हीत खर, म्हणजे घासणारे बारीक कण, असतेच. म्हणजे दोन्ही क्लिअर कोटचा, रंगावरच्या पारदर्शक थराचा, वरचा भाग घासून काढतात, ओरखड्याच्या कडा खाली आणतात आणि पृष्ठभाग सपाट झाला की ओरखडा दिसायचा बंद होतो, ओरखडा "भरून" येत नाही. फरक आहे तो खरेच्या जाडीत नि जोरात. लादी पॉलिशवाला मिस्त्री कसा आधी खडबडीत दगड फिरवतो नि मग एकेक बारीक लावत जातो, तसंच, कंपाउंड म्हणजे आधीचा दगड नि पॉलिश म्हणजे शेवटचा. मेग्वायर्सचं एम१०५ हे कंपाउंड १२०० नंबरच्या पॉलिश पेपरच्या रेघासुद्धा काढायला बनवलंय, आणि त्याच कंपनीचं एम२०५ हे फिनिशिंगचं पॉलिश. आता विचार करा, तुमच्या गाडीवरचे स्वर्ल हे १२०० च्या पेपरने घासल्याएवढे खोल आहेत का? सोसायटीत सकाळी एका बादलीत दहा गाड्या पुसल्या जातात त्याच्या कपड्याने पडलेले असतील तर नक्कीच नाहीत. तिथे एम२०५ सारखं पॉलिश आणि जरा कडक पॅड एवढ्यावर बरंच काम होऊन जातं.

आणि जपून का, तर मटेरियल फार थोडं असतं. कंपनीतून आलेल्या गाडीचा पूर्ण पेंट, म्हणजे प्रायमर, रंग, क्लिअर सगळं धरून, साधारण १०० ते १४० मायक्रॉन, त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० च्या आसपास. माणसाचा केस ७० मायक्रॉनचा धरतात, म्हणजे क्लिअर कोट केसापेक्षा पण पातळ. कंपाउंडचा एक नीट राउंड यातले एक ते तीन मायक्रॉन नेतो, बारीक पॉलिश त्याहून बरंच कमी. म्हणून दर दिवाळीला गाडी कंपाउंड करून चकाचक करायची सवय असेल तर ती सोडा, पाच-सात वर्षांत कडांवर क्लिअर संपतो. बॉनेटची धार, दरवाजाची बॉडी लाइन, मिरर जिथे जोडलाय ती जागा, इथे मुळातच थर पातळ असतो नि पॅडचा सगळा दाब एका रेघेवर येतो. तिथे साधी मास्किंग टेप लावून टाका.

ओरखडा नखाला अडकतोय का बघा. अडकला तर तो कंपाउंडनेही पूर्ण जाणार नाही, कडा गोल होऊन थोडा कमी दिसेल, तेवढ्यावर समाधान मानायचं. किल्लीने काढलेली रेघ कुठल्याच बाटलीने जात नाही, कोणी काहीही विकू दे.

अजून एक तिसरी बाटली मधे लुडबुड करते ती म्हणजे ग्लेझ किंवा क्लीनर वॅक्स टाइप, ज्यात तेलं नि भरणारे पदार्थ असतात. गाडी धुवायला दिली आणि "सर मशीन पॉलिश करून देतो" म्हणून पाऊण तासात गाडी आरशासारखी हातात आली की समजायचं ओरखडे काढलेले नाहीत, झाकलेत. दोन-तीन वॉश झाले की सगळे परत हजर. ओळखायला सोपं आहे, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पाणी घालून पातळ करा, मायक्रोफायबरच्या कपड्याला लावून एक पट्टा पुसा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. स्वतः पॉलिश करतानाही हे करायचंच, कारण चांगल्या पॉलिशमध्ये पण तेल असतं नि ते तुम्हाला उगाच खूश करतं.

बरं, आता पॅड. इथे जास्त घोळ आहे.

पहिला घोळ रंगाचा. लोक विचारतात "पिवळा पॅड लावू का?" अरे कुठल्या कंपनीचा पिवळा? रुपेसमध्ये निळा म्हणजे सगळ्यात कडक, मग हिरवा, मग पिवळा हा फाइन आणि पांढरा सगळ्यात मऊ. लेक कंट्री कंपनीच्या फोममध्ये उलटं, पिवळा म्हणजे कटिंगचा कडक पॅड, नारिंगी त्याखालचा, पांढरा पॉलिशिंगचा आणि काळा फिनिशिंगचा. म्हणजे यूट्यूबवर कोणीतरी रुपेसचा पिवळा लावून फिनिश काढला, तुम्ही ते बघून दुसरीकडचा पिवळा मागवला की तुमच्या हातात बरोबर उलटी वस्तू आली. साध्या ऑनलाइन सेटमध्ये पाच रंगाचे पाच पॅड येतात त्यांचं तर विचारूच नका, बऱ्याचदा फोम एकच नि रंग वेगवेगळे, बोटाने दाबून बघा म्हणजे कळेल. कडक पॅड दाबला की लगेच उसळतो, मऊ पॅड बोटाबरोबर आत जातो.

दुसरं म्हणजे कशाचा पॅड. लोकरीचा सगळ्यात जास्त कापतो नि तुलनेने कमी तापतो, पण मागे रेघा सोडतो. मायक्रोफायबरचा पॅड डीए मशीनवर, म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन, जे फिरता फिरता हलतं पण, त्यावर जोरात कापतो, जुन्या कडक पेंटवर भारी, पण मऊ पेंटवर एक धुरकट पापुद्रा आल्यासारखा दिसतो, तो घालवायला मग फोम नि पॉलिशचा दुसरा राउंड लागतोच. फोम सगळ्यात माफ करणारा. डिटेलिंगवाल्यांचा साधारण अनुभव असा की होंडाचा काळा पेंट मऊ, कपड्यानेही रेघा पडतात, आणि फोक्सवॅगन-स्कोडाचा कडक, त्याला घाम गाळावा लागतो. तर होंडावर मायक्रोफायबर पॅड आणि कंपाउंड ही जोडी लावायच्या आधी दोनदा विचार करा.

आता हे दोन्ही एकत्र केल्यावर खरी मजा आहे. तीच एम२०५ ची बाटली कटिंग फोमवर लावली तर मध्यम स्वर्ल उचलते, काळ्या फिनिशिंग फोमवर लावली तर फक्त चमक वाढवते. आणि कंपाउंड मऊ पॅडवर लावलं तर धड कापतही नाही धड फिनिशही देत नाही, पावडर मात्र घरभर. म्हणून पहिली ट्राय मधल्या पॅडवर पॉलिश लावून करायची. बॉनेटचा दीड-दोन फुटांचा चौकोन घ्या, मधोमध टेप लावा, अर्ध्याच भागावर काम करा, टेप काढा आणि टॉर्च मारा. ऐंशी टक्के गेले असतील तर गाडीभर तेच करा, शंभर टक्क्यांच्या मागे लागू नका, रोजच्या वापरातली गाडी आहे. नाही गेले तर तेच पॉलिश ठेवून पॅड एक पायरी कडक करा. तरी नाही गेले तरच कंपाउंड बाहेर काढा.

करायचं कसं, तर पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, मशीन बंद असतानाच पेंटवर टेकवून पसरवायचं नाहीतर भिंतीला नि शर्टाला पॉलिश होतं, मग डीएचा स्पीड चार-पाचवर, हात अगदी हळू, सेकंदाला इंचभर, आधी आडवं मग उभं, चार ते सहा फेऱ्या. बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे मशीनच्या ज्या चकतीवर पॅड चिकटतो तिच्या, कडेला मार्करने एक काळी रेघ मारून ठेवा, ही फार कामाची गोष्ट आहे. रेघ फिरताना दिसली म्हणजे पॅड फिरतोय, रेघ एका जागी थरथरायला लागली म्हणजे तुम्ही जास्त दाबताय किंवा मशीन तिरकं धरलंय, पॅड नुसता हलतोय नि कापत काहीच नाहीये. नवख्या माणसाचं "पॉलिश चालत नाही" याचं कारण निम्म्या वेळा हेच असतं.

रोटरी मशीन, म्हणजे गॅरेजमधलं ते एकाच अक्षावर गरगर फिरणारं, त्यावर लोकरीचा पॅड नि कंपाउंड लावून काम केलं की स्वर्ल जातात आणि त्या जागी होलोग्राम येतात. ते वेगळे ओळखा. स्वर्ल बारीक नि चोहीकडे असतात, होलोग्राम पट्ट्यासारखे, उन्हात गाडी भोवती चाललात की पट्टा तुमच्याबरोबर सरकतो. रंगकाम करून आलेल्या दरवाजावर हे फार दिसतं. त्याला परत कंपाउंड नको, मऊ फोम, बारीक पॉलिश आणि डीए, एका राउंडमध्ये जातात. आणि रंगकाम झालेल्या पॅनलवर किती मटेरियल आहे ते थिकनेस गेजने, म्हणजे पेंटची जाडी मोजायच्या यंत्राने, बघून घ्या, २०० मायक्रॉनच्या वर आकडा आला तर रिपेंट समजा. प्लास्टिकच्या बंपरवर साधा गेज आकडाच दाखवत नाही, तिथे उगाच धाडस नको.

पॅडवर रंग आला तर? जुन्या पद्मिनी-अँबेसेडरला क्लिअर कोटच नसायचा, तिथे पॅड गाडीच्या रंगाचा होणारच, त्यात घाबरण्यासारखं नाही. पण क्लिअर कोटवाल्या लाल गाडीवर पॅड लाल झाला तर तिथल्या तिथे मशीन थांबवा, क्लिअर संपलाय.

हवेचं पण बघा. एप्रिल-मे मध्ये दुपारी बॉनेट गरम असताना एम१०५ सारखं कंपाउंड बघता बघता सुकतं नि पुसताना नवीन रेघा पडतात. सकाळी, सावलीत, हात ठेवल्यावर पॅनल गार लागलं पाहिजे. आणि त्याआधी गाडी नीट धुवून क्ले बार, म्हणजे पेंटला चिकटलेली घाण उचलणारा मऊ गोळा, फिरवा, कारण पुण्यात वाघोली-हिंजवडी साइडला बांधकामाची जी धूळ बसते त्यात वाळूचे कण असतात, ते क्लिअर कोटपेक्षा कठीण, पॅडखाली एक जरी अडकला तर पॉलिश राहिलं बाजूला. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग स्वर्ल नव्हेत, आधी व्हिनेगरमध्ये पाणी घालून पुसून बघा, गेले तर मशीन लावायची गरजच नाही.

पहिल्यांदाच सामान घेत असाल तर एक फिनिशिंग पॉलिश, मधल्या फोमचे तीन पॅड, कडक फोमचे दोन, मऊ एक, आणि डझनभर मायक्रोफायबरचे कपडे. पॅड जास्त घ्या असं मुद्दाम सांगतोय, कारण एकाच पॅडने पूर्ण गाडी होत नाही, दोन पॅनल झाले की फोम ओला नि गरम होऊन कापायचा थांबतो. दर चौकोनानंतर ब्रशने पॅड झाडायचा, आणि संध्याकाळी साबणाच्या कोमट पाण्यात पिळून सुकवायचा, कडक उन्हात नाही, चिकटवलेलं सुटतं. कंपाउंडची बाटली बॉनेटवरच्या त्या ट्रायच्या चौकोनात पॉलिश कमी पडलं तरच मागवा.