सशावर त्वचादाह चाचणी: परवानगी कोणाला मिळते, अर्ज कसा करायचा, कागदपत्रं कोणती

एखादं रसायन त्वचेला किती दाह करतं हे पाहण्यासाठी सशाच्या पाठीवर पॅच लावायचा, तर भारतात आधी लेखी परवानगी लागते. विद्यार्थी असो वा कंपनी, बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "फॉर्म बी कुठे मिळेल?" हा परवानगीच्या अर्जाचा नमुना सहज मिळतो. अर्ज अडतो तो त्यातल्या एका रकान्यापाशी: या चाचणीला प्राणी का लागतो? त्याचं खरंखुरं उत्तर तुमच्याकडे असेल तर बाकीची कागदपत्रं आठवड्याभरात जमतात. नसेल तर ती चाचणी सशावर होऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कायद्याचाही रोख तोच आहे.

आधी तुमचा पदार्थ कशात मोडतो ते बघा. लिपस्टिक, शाम्पू, केसांचा डाय अशी सौंदर्यप्रसाधनं असतील तर अर्ज करूच नका. प्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर २०१४ मध्येच बंदी आली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून, प्राण्यांवर तपासलेली प्रसाधनं आयात करणंही बंद झालं. २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सनी ही बंदी कायम ठेवली आहे. त्वचेवर लावायचं औषध असेल तर २०१९ चे न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स लागू होतात, आणि २०२३ च्या दुरुस्तीने त्यात प्राण्यांशिवायच्या पद्धतींनाही वाट मोकळी झाली आहे. कीटकनाशक किंवा तणनाशक असेल तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी करताना फरिदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडे त्वचादाहाची माहिती द्यावी लागते. लोटे-परशुराम किंवा तारापूरच्या एमआयडीसीतल्या कारखान्याला ही चाचणी लागते ती बहुधा याच कारणाने.

आता पात्रता. परवानगी व्यक्तीला मिळत नाही, ती नोंदणीकृत संस्थेतल्या प्रयोगाला मिळते. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम १५ खाली केंद्राने नेमलेली एक समिती आहे. पूर्वी तिला सीपीसीएसईए म्हणत, आता सीसीएसईए म्हणतात. ती केंद्राच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाच्या अखत्यारीत येते. तुमच्या कॉलेजच्या किंवा कंपनीच्या ॲनिमल हाऊसकडे तिचा नोंदणी क्रमांक नसेल तर तिथे एकाही सशाला हात लावता येत नाही. अशा वेळी सरळ मार्ग म्हणजे नोंदणीकृत प्रयोगशाळेकडे काम सोपवणं. मग प्रस्तावही त्याच प्रयोगशाळेच्या नैतिकता समितीपुढे जातो. "आमच्या गाइडनी हो म्हटलंय" ही परवानगी नव्हे. प्रयोग करणारा किंवा त्यावर देखरेख ठेवणारा माणूस पशुवैद्यक, वैद्यक किंवा प्रयोगशाळा-प्राणीविज्ञानासारख्या विषयातला पदवी-पदविकाधारक असावा लागतो, आणि ससे नोंदणीकृत पैदासकाराकडूनच घ्यावे लागतात. बाजारातून आणलेला ससा चालत नाही.

फॉर्म भरण्याआधी करायचं काम हेच सगळ्यात मोठं आहे. पदार्थाबद्दल उपलब्ध असलेली सगळी माहिती गोळा करा: पुरवठादाराची सुरक्षा पत्रिका, त्याच गटातल्या रसायनांचे निष्कर्ष, माणसांवर झालेल्या परिणामांच्या नोंदी आणि पीएच, म्हणजे पदार्थ किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते. पीएच २ किंवा त्याहून कमी, नाहीतर ११.५ किंवा त्याहून जास्त असेल, तर असा पदार्थ त्वचा जाळणार असंच धरतात आणि सशावर लावत नाहीत. त्यानंतर येतात प्रयोगशाळेत मानवी पेशींपासून वाढवलेल्या त्वचेवरच्या चाचण्या. दाहासाठी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ४३९ क्रमांकाची चाचणी मार्गदर्शिका आहे, त्वचा जळते का हे पाहण्यासाठी ४३१. ४३९ मध्ये पदार्थ लावून धुतल्यावर किती पेशी जिवंत राहिल्या ते रंगाच्या मापनाने मोजतात. ५० टक्के किंवा त्याहून कमी उरल्या तर पदार्थ दाहक ठरतो. पदार्थ सौम्य वाटत असेल तर ४३९ पासून सुरुवात करावी, जहाल वाटत असेल तर ४३१ पासून. युरोपीय संघाच्या रीच या रसायनविषयक कायद्यात २०१६ पासून त्वचादाहासाठी हाच पहिला मार्ग ठरला आहे, त्यामुळे निर्यातदारांना तर सशाची गरज क्वचितच पडावी.

हे करूनही प्रश्न उरला तरच फॉर्म बी उघडा. संस्थेचं नाव व नोंदणी क्रमांक, मुख्य संशोधकाची पात्रता व अनुभव, प्रकल्पाचा कालावधी, प्राण्याची जात, वय, वजन, लिंग, संख्या, पुरवठादार हे रकाने यांत्रिकपणे भरता येतात. खाली मात्र चार प्रश्न येतात: हाच प्राणी का, इतकेच का, हा प्रयोग आधी कोणी केला आहे का, पर्यायी पद्धत का चालत नाही. इथे "साहित्याचा आढावा घेतला, पर्याय उपलब्ध नाही" एवढ्या एका ओळीवर समिती अर्ज परत पाठवते, आणि पाठवायलाच हवा. त्याऐवजी असं लिहा: "पदार्थ गडद रंगाचा असून ४३९ मधल्या रंगमापनात अडथळा आणतो. रंग वजा करण्याची नियंत्रण चाचणी करूनही निष्कर्ष अनिर्णित राहिला, अहवाल सोबत जोडला आहे." हे वाचल्यावर समितीला चर्चा करता येते.

संख्येबाबत एक सवय सोडायला हवी. औषधशास्त्राच्या प्रबंधातून आलेले सहा-सहाचे गट इथे नकोत. सशावरच्या याच चाचणीच्या ओईसीडीच्या ४०४ मार्गदर्शिकेत सुरुवात एका सशापासून होते. त्याच्या त्वचेवर जळण्याची खूण दिसली नाही तरच आणखी जास्तीत जास्त दोघांवर खात्री करतात. तुलनेसाठी वेगळा गटही नसतो, त्याच सशाच्या शेजारच्या न लावलेल्या त्वचेशी तुलना होते. म्हणजे तीन ससे. अठरा मागितलेत तर प्रत्येकाचा हिशेब द्यावा लागेल.

पद्धत लिहिताना हातचं काही राखू नका. साधारण चोवीस तास आधी पाठीवरचे केस कातरायचे, कातडी खरचटू द्यायची नाही. सुमारे ६ चौरस सेंटीमीटर जागेवर ०.५ मिलिलीटर द्रव किंवा ०.५ ग्रॅम घन पदार्थ लावून त्यावर गॉजचा पॅच, त्वचेला न चुरचुरणाऱ्या टेपने बसवलेला. चार तासांनी पॅच काढून उरलेला पदार्थ पाण्याने किंवा योग्य द्रावकाने पुसायचा. तासाभराने, मग २४, ४८ आणि ७२ तासांनी लालसरपणा व सूज यांना ० ते ४ असे गुण द्यायचे. लक्षणं टिकली तर १४ दिवसांपर्यंत पाहायचं. पदार्थ जहाल असल्याची शंका असेल तर पहिल्या सशावर आधी ३ मिनिटांचा पॅच, मग एक तासाचा, मग चार तासांचा, आणि मधेच जळण्याची खूण दिसली की प्रयोग तिथेच बंद. ससा अस्वस्थ झाला, खाईनासा झाला, तर कोण ठरवणार आणि काय करणार तेही लिहा. नुसतं "आवश्यकतेनुसार उपचार" लिहिलं तर पशुवैद्यक सदस्य हमखास विचारणार. त्यानंतर वेदनाशमन, प्रयोग संपल्यावर प्राण्याचं काय होणार, गरज पडली तर वेदनारहित मृत्यूची पद्धत आणि शवाची विल्हेवाट, हे रकाने येतात.

सोबत जोडायचे कागद: सुरक्षा पत्रिका, आधीच्या चाचण्यांचे अहवाल, पर्याय कुठे व कोणत्या शब्दांनी शोधले त्याची नोंद, नोंदणीसाठी चाचणी असेल तर संबंधित नियमाची प्रत, काम करणाऱ्यांची प्रमाणपत्रं आणि संशोधकाचं सही केलेलं प्रतिज्ञापन.

अर्ज संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीपुढे, म्हणजे आयएईसीपुढे जातो. तिच्यावर संस्थेतले शास्त्रज्ञ, पशुवैद्यक आणि ॲनिमल हाऊसचे प्रमुख असतात. बाहेरचा एक शास्त्रज्ञ, शास्त्राबाहेरचा एक सामाजिक भान असलेला सदस्य आणि सीसीएसईएने नेमलेला मुख्य प्रतिनिधी हेही असतात. ससा छोट्या प्राण्यांत धरला जातो, त्यामुळे निर्णय याच समितीत होतो. कुत्रा, माकड अशा मोठ्या प्राण्यांचे प्रस्ताव मात्र या समितीच्या शिफारशीनंतर मंजुरीसाठी सीसीएसईएकडे जातात. शास्त्राबाहेरच्या सदस्याला समजेल असा अर्ध्या पानाचा साध्या मराठीतला किंवा इंग्रजीतला सारांश जोडा. सर्वांत नेमका प्रश्न बहुतेकदा त्याच खुर्चीतून येतो.

मंजुरीपत्रात प्रस्तावाचा क्रमांक, प्राण्यांची संख्या आणि मुदत असते. चौथा ससा लागला किंवा मात्रा बदलली तर दुरुस्ती प्रस्ताव आधी, काम नंतर. आलेला आणि वापरलेला प्रत्येक ससा विहित नमुन्यातल्या नोंदवहीत चढतो. कायद्याच्या कलम २० मधला दंड जेमतेम २०० रुपयांपर्यंत आहे, पण कलम १९ खाली समिती संस्थेचे प्रयोगच बंद करू शकते. अहवाल परदेशी नियामकाला द्यायचा असेल तर प्रयोगशाळेकडे जीएलपी, म्हणजे चांगल्या प्रयोगशाळा पद्धतीचं प्रमाणपत्र आहे का हे आधीच विचारा. भारत मार्च २०११ पासून ओईसीडीच्या परस्पर मान्यता व्यवस्थेत आहे, त्यामुळे जीएलपी प्रयोगशाळेचा अहवाल सदस्य देशांत स्वीकारला जातो आणि त्याच पदार्थासाठी तिथे पुन्हा ससे लागत नाहीत.