सोलापूरच्या रस्त्यांवर एपीआरएस : पाथचा वाद कुठून आला

एपीआरएस म्हणजे चालत्या गाडीची जागा रेडिओवरून नकाशावर उमटवायची हौशी रेडिओवाल्यांची पद्धत. हा खटाटोप जीपीएस सगळ्यांच्या हाती येण्याआधीपासूनचा आहे. अमेरिकी नौदल अकादमीतल्या एका अभियंत्याने 1980च्या दशकाच्या सुरुवातीला घरगुती संगणकावर जहाजांच्या जागा दाखवल्या, 1984मध्ये 100 मैलांच्या घोडेस्वारी स्पर्धेत तोच प्रयोग पॅकेट रेडिओवर (छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत, माहिती पाठवणारा रेडिओ) केला आणि 1992मध्ये एपीआरएस हॅम, म्हणजे हौशी रेडिओ मंडळींसमोर आलं. मे 2000मध्ये अमेरिकेने जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. तोवर रस्त्यावरची गाडी नकाशावर बाजूच्या शेतात दिसायची.

आज ज्यावर डोकेफोड होते तो पाथचा, म्हणजे पॅकेट पुढे कुणी आणि किती वेळा पाठवायचं याचा, निर्णय मात्र 2004-05च्या आसपासचा. आधी गाडीतून रिले आणि वाइड असा पाथ जाई. रिलेला कुणाच्याही घरचं स्टेशन उत्तर देई, वाइडला डोंगरावरचा डिजिपीटर, म्हणजे ऐकलेलं पॅकेट पुन्हा पाठवणारं स्टेशन. जुन्या डिजिपीटरला आपण नुकतं काय पाठवलं याची आठवणच नसे. दोन डोंगरांनी एकमेकांचं ऐकलं की तेच पॅकेट चेंडूसारखं इकडून तिकडे. 1200 बॉडच्या संथ वेगाला एका पॅकेटला अर्धा-एक सेकंद लागतो आणि सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर, त्यामुळे मोठ्या शहरांत चॅनेल तुंबलं. मग रिले मोडीत काढलं, वाइड1-1 आणि वाइड2-1 हा दोन पायऱ्यांचा पाथ ठरला (पहिल्या पायरीला घरगुती स्टेशनही उत्तर देतं), आणि एकदा पाठवलेलं पॅकेट डिजिपीटर साधारण अर्धा मिनिट लक्षात ठेवू लागला. जुने टीएनसी (रेडिओला जोडायचे पॅकेट मोडेम) बाळगणारे चिडले. आतलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, नवी पद्धत ओळखत नसल्याने त्यांच्या यंत्रांना फक्त पहिल्या पायरीचं घरगुती भरणीचं काम उरलं.

निर्णय योग्यच होता, पण तो गर्दीच्या शहरांसाठी. सोलापुरातून मंगळवेढ्याकडे किंवा अक्कलकोटकडे निघालेल्या गाडीला तुंबलेलं चॅनेल ही अडचण नाही, ऐकणारा कुणी आहे का ही आहे. जमीन बरीचशी सपाट, उंची हवी तर तुळजापूरच्या बालाघाटाकडे बघायचं. विरळ वस्तीच्या भागात एक पायरी जास्त, म्हणजे वाइड2-1च्या जागी वाइड2-2, चालेल अशी सवलत मूळ शिफारशीतच होती. आपल्याकडे सेटिंग सांगताना ती कुणी सांगत नाही, आणि मग लोक ‘इथे एपीआरएस चालत नाही’ म्हणून मोकळे होतात.

याच जिल्ह्यात आषाढीला चित्र पालटतं. ज्ञानेश्वरांची पालखी धर्मपुरीहून जिल्ह्यात शिरते आणि तुकोबांची सराटीहून नीरा ओलांडून अकलूजला येते; पंढरपुरात मोबाइलचं जाळं कोंडतं. तिथे पाण्याचे टँकर, रुग्णवाहिका दाखवायच्या तर पाथ छोटा आणि बीकन, म्हणजे जागा कळवणारी पॅकेटं, मोजकेच हवेत. गाडी थांबली की बीकन कमी, वळली की लगेच एक, ही युक्ती 1990च्या दशकाच्या शेवटापासून वापरात आहे आणि वारीच्या चालीला ती नेमकी बसते.

दुसरी भर इंटरनेटची. आयगेटमुळे (रेडिओवरचं पॅकेट इंटरनेटवर टाकणारं स्टेशन) एकाच पायरीवरचं पॅकेट जगभर दिसू लागलं, फोनवरच्या अ‍ॅपने तर रेडिओच वगळला. हॅम नसलेल्या गावांत हे सोयीचं आहे, पण मोबाइल टॉवर बंद पडल्यावर त्याचा उपयोग शून्य. सध्या ओढा लोरावर, म्हणजे कमी शक्तीत लांब पोचणाऱ्या रेडिओ तंत्रावर, आहे. मॉड्यूल स्वस्त, बॅटरी टिकते. फक्त युरोपातली 433.775 मेगाहर्ट्झ ही सेटिंग तशीच उचलता येत नाही, कारण आपल्याकडचा हौशी पट्टा 434 ते 438चा आहे. तयार फर्मवेअर टाकून ट्रॅकर सुरू करण्याआधी तो आकडा बदलावा लागतो.