आकडा ९४ वरच का अडकतो?

सांगलीच्या गावभागातलं आमचं घर जुनं, भिंती दीड हात जाड. वाय-फाय पहिल्याच भिंतीशी मान टाकतो, म्हणून सोप्यातल्या राऊटरपासून माडीवरच्या स्विचपर्यंत (एका वायरीवर अनेक यंत्रं जोडणारा डबा) वायर ओढून घेतली. प्लॅन ३०० एमबीपीएसचा, राऊटर गिगाबिट, म्हणजे हजार एमबीपीएस पेलणारा, स्विचही गिगाबिट. तरी माडीवर स्पीड टेस्ट ९४ च्या पुढे सरकेना. ‘वरनंच कमी येतंय,’ असं सांगून फिटर मोकळा झाला. शेवटी मीच वायरीच्या टोकाचा प्लग डोळ्यांजवळ धरून बघितला. आठ तारांपैकी चारच आत बसवलेल्या, बाकीच्या चार मुळाशीच छाटलेल्या.

फिटरला चार शिव्या घालण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. या चार तारांची सवय त्याची एकट्याची नाही, तिला निदान तीस वर्षांचा इतिहास आहे.

इथरनेट म्हणजे यंत्रं वायरीने एकमेकांशी जोडायची ही पद्धत. तिची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी मे १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात एका टिपणात मांडली. डेव्हिड बॉग्ज यांना सोबत घेऊन त्यांनी ती उभीही केली. वेग होता २.९४ मेगाबिट. एकच जाड कोॲक्स केबल (टीव्हीच्या केबलच्या जातीची), तिला सगळी यंत्रं जोडलेली. दोन यंत्रं एकदम बोलली की दोघांनीही गप्प व्हायचं, आणि प्रत्येकाने आपापल्या नशिबाने कमीजास्त वेळ थांबून पुन्हा तोंड उघडायचं. (आमच्या घरात पंगतीला हा नियम लावून बघितला, टिकला नाही.) पुढे केबल बारीक झाली, पण ती एका जागी निसटली तरी अख्खी लॅब बंद पडायची.

खरं वळण आलं १९९० मध्ये. अमेरिकेतल्या कचेऱ्यांच्या भिंतींत टेलिफोनच्या पीळ घातलेल्या तारा आधीच होत्या, तेव्हा त्यांच्यावरूनच नेटवर्क चालवायचं ठरलं. पीळ घालायची युक्ती तर ग्रॅहॅम बेल यांची, १८८१ च्या पेटंटमधली. जोडीतल्या दोन्ही तारांवर बाहेरचा खरखराट सारखाच बसतो आणि वजा होऊन जातो. नव्या पद्धतीला दोनच जोड्या लागत, एक बोलायला आणि एक ऐकायला. प्लगमधल्या मधल्या दोन जागा, ४ आणि ५, टेलिफोनच्या. म्हणून डेटाने १, २, ३ आणि ६ घेतल्या. केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. हा क्रम प्रत्येक फिटरला झोपेतही पाठ असतो. पण हिरव्याच्या जोडीत निळी जोडी का घुसली, हे विचारलंत तर तो तुमच्याकडेच बघत राहील. तिथे टेलिफोन बसलेला होता, इतकंच.

त्याच साली कल्पना नावाच्या कंपनीने पहिला इथरनेट स्विच विकायला काढला. संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज भारतीय वंशाचे, आणि नाव त्यांच्या पत्नीचं. तोवरचा हब म्हणजे एसटी स्टँडवरचा भोंगा, एकाचा निरोप सगळ्यांच्या कानात. स्विच पोस्टमनसारखा, कुठल्या दारामागे कोण राहतं ते लक्षात ठेवून नेमका तिथेच टाकणारा. एकदम बोलण्यातून होणाऱ्या टकरा जवळजवळ संपल्या. १९९४ मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली. १९९५ मध्ये १०० मेगाबिटचं फास्ट इथरनेट आलं, तेही त्याच दोन जोड्यांवर.

आपल्याकडे घरोघरी इंटरनेट पोचवलं ते बरंचसं केबलवाल्यांनी. डिशची कोॲक्स टाकणाऱ्या पोरांनीच पुढे गच्चीवरून गच्चीवर लॅनची, म्हणजे हीच इथरनेटची, वायर ओढली. तांब्याच्या वायरची मर्यादा १०० मीटर, म्हणून मध्येमध्ये पत्र्याच्या डब्यात स्विच. वळवाच्या पावसात वीज कडाडली की डब्यातले पोर्ट जळायचे. फायबर आल्यावर ती कटकट गेली. तेव्हाचे प्लॅन १०० च्या कितीतरी खाली, त्यामुळे चार तारा पुरून उरत. काही हुशार मंडळी एकाच वायरमधून दोन घरं चालवायची, चार तारा याला आणि चार त्याला. त्यात फसवणूक नव्हती, काटकसर होती.

गाडं अडलं ते गिगाबिटपाशी. १९९९ च्या मानकाने चारही जोड्या मागितल्या: प्रत्येकीवर २५० मेगाबिट, तेही एकाच वेळी दोन्ही दिशांनी. गंमत अशी की दोन्ही टोकांची यंत्रं ‘किती वेगाने बोलायचं’ हे आधी जुन्या दोन जोड्यांवरच ठरवतात. तिथे गिगाबिटला होकार मिळतो, मग उरलेल्या जोड्या सापडत नाहीत आणि बरीचशी यंत्रं गुपचूप १०० वर उतरतात. त्या शंभरातून डेटाच्या प्रत्येक पाकिटावरच्या पत्त्याबित्त्याची जागा वजा केली की हाती ९४-९५ उरतात. तेव्हा स्पीड टेस्टमध्ये हा आकडा दिसला, तर कंपनीला फोन लावण्याआधी प्लग बघावा. दुसरा संशय स्वस्त वायरवर: आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा नुसता मुलामा.

आमची वायर सुदैवाने तांब्याची निघाली. भिंतीच्या खोबणीला हातही लावावा लागला नाही, दोन्ही टोकांना नवे प्लग दाबले, आठही तारा घालून. माडीवर आता २९० च्या आसपास येतात. राऊटरही मी सोप्यातून माडीवर नेऊन तुळईच्या खिळ्याला टांगलाय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गावभागात कृष्णेचं पाणी घराघरांत शिरलं होतं.