सर्व्हिसिंगनंतर गिअरबॉक्स बिघडला? आधी तेल सांभाळा

गाडी सर्व्हिसिंगहून आणली आणि चार दिवसांत गिअरबॉक्स रडायला लागला, अशी तक्रार घेऊन येणारे बहुतेक ग्राहक आमच्याकडे पोचेपर्यंत एक गोष्ट घालवून बसलेले असतात: आतलं तेल. पहिल्या गॅरेजने 'बघतो, बघतो' म्हणत ते ओतून टाकलेलं असतं. चूक कुणाची हे सांगणारा साक्षीदारच गटारात गेलेला असतो.

म्हणून आवाज आला, गिअर अडकू लागला, किंवा आरपीएम चढतो पण गाडी उचलत नाही असं झालं की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. 'घरापर्यंत तर जाईल' म्हणू नका. ऑटोमॅटिक असेल तर दोर बांधून ओढूही नका, गाडी पाठीवर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रक मागवा.

मग इंजिनाची डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, बघा. बऱ्याच गाड्यांत इंजिनाचं आणि गिअरबॉक्सचं तेल काढायचे बोल्ट खालून जवळजवळच असतात. घाईत पोरगा गिअरबॉक्सचा उघडतो आणि नवं तेल इंजिनातल्या जुन्यावर ओततो. डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर असेल, तर गिअरबॉक्स कोरडा असल्याची दाट शंका घ्या. खोटं कशाला बोला, आमच्याकडेही एकाने हाच बोल्ट उघडला होता. ट्रेमध्ये काळ्याऐवजी मधासारखं तेल पडलं, तेही जेमतेम दोन लिटर, म्हणून तिथल्या तिथे कळलं.

सीव्हीटी या प्रकारच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधली चूक अशी दिसत नाही. सीव्हीटीत दोन पुल्यांमध्ये पोलादी पट्टा फिरतो आणि त्याची पकड तिच्यासाठीच बनवलेल्या तेलावर अवलंबून असते. भलतंच तेल भरलं की पट्टा घसरतो, पुली खरवडते, भुगा आतभर फिरतो. रंगावर जाऊ नका, बिलावर तेलाचा ग्रेड बघा. नुसतं 'गिअर ऑइल' लिहिलं असेल तर व्हॉट्सॲपवर विचारून घ्या. फोनवर बोललेलं नंतर कुणाला आठवत नसतं.

आम्ही तेल तुमच्यासमोर काढतो, जमल्यास पहिल्या गॅरेजवाल्यालाही बोलावून. मोजून दोन स्वच्छ बाटल्यांत भरतो, वर तारीख, गाडीचा नंबर आणि सह्या. एक बाटली तुमची. गिअरबॉक्समधल्या चुंबकाला चिकटलेला भुगा आणि किलोमीटरचं रीडिंग यांचे फोटो देतो. अहवालात दिसलं तेवढंच लिहितो. 'त्यांनीच वाट लावली असं लिहून द्या' म्हणालात तर लिहिणार नाही.

अहवाल हातात पडला की बरेच गॅरेजवाले निम्म्या खर्चाला तरी तयार होतात. नाही झाले तर लेखी मागणी करा, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, तेवढ्यावर भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मुदत दोन वर्षांची. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि सर्व्हिसिंगचं बिल ५ लाखांच्या आत असल्यास फी लागत नाही. विम्याच्या मागे लागू नका, नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड धरत नाहीत.

गिअरबॉक्स बदलला तरी जुना भंगारात घालू नका. आम्ही तीन महिने सांभाळतो, पुढे तुम्ही घरी न्या. आमची जागा लहान आहे.