फॉर्म गेला आहे, की नैराश्य आले आहे?

कोल्हापुरात एखाद्या फलंदाजाचे तीन-चार डाव लागोपाठ वाया गेले, की मैदानाच्या कडेला उभी असलेली माणसे एकच निदान करतात : पोराचा फॉर्म गेला. उपायही ठरलेला असतो, नेटमध्ये रोज शंभर चेंडू जास्त. तालमींच्या या शहरात मेहनत हा प्रत्येक दुखण्यावरचा उतारा मानला जातो, आणि फॉर्म खरोखरच गेला असेल तर तो बहुतेक वेळा लागूही पडतो. अडचण येते ती नैराश्यालाही आपण फॉर्म जाणेच म्हणतो तेव्हा, कारण बाहेरून दोहोंचे रूप सारखे असते. खेळाडू गप्प होतो, त्याची झोप उडते, चिडचिड वाढते आणि सरावाला यायला उशीर होऊ लागतो.

फॉर्म जाणे म्हणजे कौशल्याची आणि आत्मविश्वासाची तात्पुरती घसरण. ती नेमकी कुठे आहे, हे दाखवता येते : ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूकडे जाणारी बॅट, उशिरा पुढे पडणारा पाय, बाजूला झुकणारे डोके. ज्याचा फॉर्म गेला आहे तो खेळाडू त्याविषयी बोलून बोलून घरच्यांना दमवतो, रात्री आरशासमोर बॅट धरून उभा राहतो, जुने व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहतो. तो दुःखी असतो, पण त्याची भूक शाबूत असते, धावांचीही आणि घरच्या तांबड्या-पांढऱ्या रश्शाचीही. मित्रांबरोबर रंकाळ्यावर गेला की तासभर तरी तो क्रिकेट विसरतो, आणि एक चांगली खेळी झाली की महिन्याभराचे मळभ एका संध्याकाळी निघून जाते.

नैराश्य हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक काळ मन उदास राहते किंवा आवडत्या गोष्टींतला रस जातो. त्याच्या जोडीला झोप, भूक, एकाग्रता आणि अंगातली ताकद बिघडते, आपण निकामी आहोत असे वाटू लागते, आणि काहींच्या मनात मरणाचे विचार येतात. या यादीत धावांचा उल्लेख कुठेही नाही. म्हणूनच धावफलक पाहून नैराश्य ओळखता येत नाही.

याचा सर्वांत स्पष्ट दाखला ऑस्ट्रेलियाचा फलंदाज ग्लेन मॅक्सवेल याचा आहे. ऑक्टोबर 2019 मध्ये ॲडलेडला श्रीलंकेविरुद्धच्या टी-20 सामन्यात त्याने 28 चेंडूंत 62 धावा केल्या आणि त्यानंतर काही दिवसांतच मानसिक आरोग्याच्या कारणासाठी तो क्रिकेटपासून दूर झाला. त्या आठवड्यात त्याच्या फॉर्मविषयी कुणी शंका घेतली नसती. त्याची अवस्था सर्वांत आधी ओळखली ती त्याच्या जोडीदाराने, आणि कुणाशी तरी बोल, असेही तिनेच त्याला सांगितले. इंग्लंडच्या मार्कस ट्रेस्कोथिकचेही तसेच. कसोटीत 14 शतके करणारा हा सलामीवीर 2006 मध्ये भारताचा दौरा अर्धवट टाकून मायदेशी परतला, आणि नंतर खरे कारण झाकण्यासाठी विषाणूसंसर्गाचे निमित्त पुढे करावे लागले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातूनही तो परतला. 2008 मध्ये आत्मचरित्रातून त्याने आजाराविषयी मोकळेपणाने लिहिले, आणि दौऱ्यांपासून दूर राहून सॉमरसेट या इंग्लिश कौंटी संघाकडून तो 2019 पर्यंत खेळत राहिला.

माझ्या ओळखीतल्या एका मुलाच्या बाबतीत हा फरक मला वेळेवर कळला नाही, आणि त्याची खंत अजून आहे. मी त्याला सराव वाढवायला सांगत होतो आणि तो निमूटपणे वाढवतही होता. नेट संपल्यावर बाकीची मुले घामाने भिजलेले ग्लोव्हज कुंपणाच्या जाळीला अडकवून वाळवतात. हा ते तसेच किटबॅगेत कोंबून निघून जायचा. एकदा त्याच्या बॅगेतून चेंडू काढताना ते ग्लोव्हज हाताला लागले. तळव्याचे कातडे लाकडासारखे कडक झाले होते आणि शिवणीत पांढरी बुरशी धरली होती. आदल्याच रविवारी त्याने 70 धावा केल्या होत्या. मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "सर, टाळ्या ऐकू येतात, पण आत काहीच पोचत नाही." ज्याचा फॉर्म गेला आहे, त्याच्या तोंडून हे वाक्य येणार नाही.

मात्र या दोन गोष्टी एकमेकींत मिसळतातही, आणि तिथे निदान खरोखर कठीण होते. 2014 च्या इंग्लंड दौऱ्यात विराट कोहलीने 10 कसोटी डावांत मिळून 134 धावा केल्या. फॉर्म गेला होता हे सगळ्या जगाला दिसत होते. त्या काळात आपल्याला नैराश्याने घेरले होते, आणि आधार देणारी माणसे भोवती असूनही एकटे वाटत होते, हे त्याने 2021 मध्ये सांगितले. फलंदाजाची एक चूक त्याचा सबंध दिवस संपवते आणि उरलेला वेळ पॅव्हेलियनमध्ये बसून तीच चूक आठवण्यात जातो. त्यात महिनोन् महिने घरापासून दूर राहणे, दुखापत, संघातली जागा आज आहे आणि उद्या नाही ही टांगती तलवार, आणि हातातल्या मोबाईलवर अनोळखी लोकांच्या शिव्या. 2023 मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली, कोल्हापूर टस्कर्स हा संघ आला, आणि लिलावात आपली किंमत लागण्याचा अनुभव आपल्या भागातल्या विशीतल्या मुलांच्याही वाट्याला आला.

उपाय वेगळे आहेत, म्हणूनच हा फरक महत्त्वाचा आहे. फॉर्म गेलेल्याला प्रशिक्षक हवा, थ्रोडाउन, म्हणजे जवळून हाताने टाकलेल्या चेंडूंचा सराव, हवा, कधी दोन दिवस बॅटला हात न लावणे हवे. नैराश्य आलेल्याला डॉक्टर हवा. त्याला "मनावर घेऊ नको" किंवा "कणखर हो" असे सांगणे म्हणजे मांडीचा स्नायू फाटलेल्या गोलंदाजाला आणखी जोरात धाव म्हणण्यासारखे आहे. तो प्रयत्न करतो, जमत नाही, आणि न जमण्याचा दोषही स्वतःकडेच घेतो. थायरॉइडचा बिघाड किंवा रक्तक्षय यांमुळेही असाच थकवा येतो, म्हणून डॉक्टर आधी रक्ताच्या तपासण्या सांगतात. आजार सौम्य असेल तर समुपदेशन पुरते. तो वाढलेला असेल तर औषधे लागतात, आणि त्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे जातात. दोन गोळ्यांत फरक पडला नाही म्हणून ती सोडू नयेत. 2019 पासून भारतीय क्रिकेटपटू नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, चाचणीच्या कक्षेत आले, त्यामुळे अनेकांना औषधांचीच भीती वाटते. नैराश्यावरची नेहमीची औषधे बंदी असलेल्या यादीत नाहीत. तरीही आपण स्पर्धात्मक खेळाडू आहोत हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे.

प्रशिक्षकाने किंवा आई-वडिलांनी काय विचारावे? "किती केल्यास?" हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवावा आणि झोप लागते का, जेवण जाते का, सकाळी उठावेसे वाटते का, हे विचारावे. जगणे नकोसे वाटते का, हेही सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होय असेल तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येते.

नाव बाहेर फुटेल आणि निवड समिती कायमची फुली मारेल, ही भीती मात्र खरी आहे, आणि तिच्यापायी कित्येक जण दार ठोठावतच नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. आजार सांगायचा की नाही, हे खेळाडूने ठरवायचे असते. सांगायचा नसेल तर संघ व्यवस्थापकाने "वैद्यकीय कारणासाठी उपलब्ध नाही" एवढेच लिहावे. स्नायू दुखावलेल्या गोलंदाजासाठीही तो एवढेच लिहितो, आणि त्यापुढे कुणी काही विचारत नाही.